इटलीची बाई आणि वच्छलामामी

सावळाराममामांना कोणी छंद विचारला असता तर ते ‘न्हाई बा’ म्हणाले असते. रेल्वेतल्या फिटरला छंद असतो हेच त्यांना मान्य नव्हतं. पण दौंडच्या रेल्वे कॉलनीत, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, त्यांनी दहा-बारा वर्षांत जे जमवलं ते पाहून घरी आलेला माणूस तोंडात बोटं घालायचा. इटलीतले ब्राँझचे पुतळे. देवांचे नाहीत, पुढाऱ्यांचे नाहीत. एक घोडेस्वार होता, ज्याचा घोडा पुढं सरकायचं नाव घेत नव्हता. एक पाय धुणारा पोरगा, एक मुंडकं नसलेला पैलवान, एक उंच टोपीवाला पाद्री. आणि या सगळ्यांच्या आधी आलेली, स्टुलावर बसलेली एक बाई.

ती ब्याण्णव साली आली. कॉलनीतल्या जुन्या बंगल्यातली एक अँग्लो-इंडियन मेम कायमची ऑस्ट्रेलियाला मुलीकडे निघाली होती आणि मामा तिचं सामान बांधायला गेले होते. तिचा नवरा लढाईच्या काळात इटलीत होता, तिथून त्यानं ती आणलेली. विमानात न्यायला जड, म्हणून मेमनं मामांना देऊन टाकली. मामांचं निम्मं आयुष्य वॅगनच्या बेअरिंगा बदलण्यात गेलं होतं, ब्राँझ त्यांच्या रोजच्या हाताखालचं. पण त्या धातूतून कोणी दमलेली बाई काढू शकतो, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. गुडघे फाकलेले, हात मांडीवर पडलेले, मान किंचित खाली. रंग मधाच्या पोळ्यासारखा काळपट, खाचांमधून हिरवी झाक. मामा वेडेच झाले.

त्यांचे तळेगाव ढमढेऱ्याचे चुलतभाऊ बबनराव एकदा आले. भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली फळीवर ही बाई. बबनरावांनी आधी हात जोडले, मग जवळ जाऊन पाहिलं आणि जरा गोंधळून विचारलं, “दादा, ह्यो कुठला बुद्ध म्हनायचा?”

“कुनीच न्हाई,” मामा म्हणाले. “बाई हाय. दमलीया, म्हणून बसलीया.”

तेव्हा मी तिथंच होते. आणि वच्छलामामी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. शाळेतल्या कामावरून नुकतीच आली होती, पदर अजून खोचलेलाच होता. बबनराव पुतळ्याकडे बघत होते, मामा पुतळ्याकडे बघत होते, आणि चहा निवत होता. मला मामांचा राग यायला तिथून सुरुवात झाली. तो आजही पुरता गेलेला नाही.

नंतर दर रविवारी मामा शटलनं पुण्याला जायचे. पास होता, तिकिटाचा प्रश्न नव्हता. जुन्या बाजारातली भंगाराची पथारी, कॅम्पातली एक-दोन अंधारी दुकानं, घर मोडणाऱ्या म्हाताऱ्या पारशांचे जिने, सगळं पालथं घालायचे. फूटपाथवरून चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यातले फोटो आणि पुतळ्याच्या बुडाचा शिक्का ताडून पाहायचे आणि विसाव्या शतकातलंच हवं म्हणून हटून बसायचे. त्याच्या आधीचे पुतळे नुसते ऐटीत उभे असतात, हे त्यांचं मत. तो पाद्री इटलीचा नसून मुरादाबादच्या पितळ-बाजारातला असावा अशी मला दाट शंका होती. एकदा मी तसं म्हणाले, तर मामा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मामी शाळेत आया होती. बालवाडीच्या पोरांना उचलायचं, पुसायचं, घंटा द्यायची, वर्ग झाडायचे. आयांना खुर्ची नसते. घरी आली की स्वयंपाक खाली बसून, कारण क्वार्टरला ओटा नव्हता. तीन पोरं वाढवली, ती नोकऱ्यांच्या मागं पांगली. मामीच्या वाट्याला दुखरे गुडघे उरले. रविवारी मामा पुण्याला गेले की ती फळीवरचे पुतळे एकेक उतरवून पुसायची, कारण धूळ दिसली की मामांचा चेहरा उतरायचा.

दोन हजार तीनमध्ये मामा रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं. तळेगाव ढमढेऱ्यात दोन खोल्या बांधून झाल्या होत्या. बाहेरच्या खोलीला पूर्वेची एकच मोठी खिडकी. तिला मामांनी गवंड्याच्या डोक्यावर बसून कडाप्प्याचा रुंद कट्टा करून घेतला होता, पुतळ्यांसाठी. सकाळचं ऊन आडवं येतं, त्यात बाईच्या पाठीचा कणा दिसतो म्हणे.

मामीला त्या खिडकीशी कॉट हवी होती. खाली बसता येत नव्हतं, बसलं तर उठता येत नव्हतं. “खिडकीला कॉट टाकली तर निवडनं-टिपनं तिथंच हुईल, रस्ताबी दिसंल,” असं मला म्हणाली. मामांना का सांगत नाहीस, असं मी विचारलं. ती हसली. “त्यांची जागा ठरलीया की आधीच.” मला तेव्हा तिचाही राग आला. पण काही माणसांनी मागायची सवयच लावून घेतलेली नसते, तिथं रागावून काय होणार.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी मी मदतीला गेले, तर मामी मागच्या नळापाशी सकाळपासून बसलेली. पुढं चिंचेचा कोळ, बंबातली राख, काथ्या. नव्या घरी चार लोक येणार, काळी भांडी मांडली म्हणून नावं ठेवणार, म्हणून तिनं सगळे पुतळे घासून काढले होते. जीव ओतून घासले होते. पोत्यावर उन्हात ते ओळीनं वाळत होते, लख्ख पिवळे, लग्नातल्या तांब्या-पेल्यासारखे. इटलीच्या बाईच्या नखांपर्यंत चिंच पोचली होती.

मला पाहताक्षणी कळलं की घात झाला. मामीला कळलं नव्हतं. “बघ, सोन्यावानी निघाली,” म्हणाली.

मामा आले. पोत्यापाशी उभे राहिले, मग उकिडवे बसले. बाईला उचलून बुडाकडून, पाठीकडून पाहिलं. आवाज चढवला नाही.

“साठ-सत्तर वर्साचा रंग व्हता ह्यो,” एवढंच म्हणाले.

“मळ व्हता,” मामी म्हणाली.

“तुला काय दिसतंय त्यातलं! इतकी वर्सं पुसतीस, कदी बघितलंस तिच्याकडं?”

मामी काथ्या हातात घेऊन तशीच बसली होती. तिचा आवाज इतका थकलेला होता की भांडण म्हणताच येणार नाही.

“रोज बघते. तुम्ही आल्या-गेल्याला सांगता, दमलीया म्हणून बसलीया. तिला बसाया मिळालं तरी. तिच्यासाटनं खिडकी केलीत. मला खिडकीपाशी कॉट पायजे व्हती, म्हणलं कशाला सांगा, ती पैली आलीया.”

मग ती उठायला गेली आणि उठता येईना. नळाला धरून पाहिलं, जमिनीला हात टेकून पाहिलं. पाय सरळच होईनात. मी धावले. मामा त्या बाईला दोन्ही हातांत तोलून धरून बसले होते, तान्हं मूल धरावं तसं. त्यांनी तिला खाली ठेवली. पोत्यावरही नाही, तिथंच ओल्यात. एका बाजूनं मी, एका बाजूनं ते, असं आम्ही मामीला काखेत हात घालून उभं केलं. ती कण्हली नाही. मामांनी हात काढला नाही, आत जाईपर्यंत धरून ठेवला. मला वाटतं, तेव्हा त्यांनी तिचं वजन पहिल्यांदा पेललं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो चौफुल्यावरून, पारगावच्या पुलावरून गेला. दोघं पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते.

घरभरणीला मी तळेगावला गेले. बुद्धवंदना झाली, माणसं सतरंजीवर टेकली. खिडकीला कॉट लावलेली होती. बाकीचे पुतळे पोत्यात बांधून कॉटखाली सरकवले होते, पाद्रीसुद्धा. कट्ट्याच्या कडेला फक्त इटलीची बाई, पिवळीधमक, बेंगरूळ दिसणारी. आणि तिच्याशेजारी उशीला टेकून, पाय लांब करून वच्छलामामी.

बबनराव आत आले. वहिनी उठून पाण्याला जात नाही हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“वैनीस्नी बरं न्हाई व्हय, दादा?”

मामी गडबडीनं पाय खाली सोडायला लागली. मामांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बरी हाय,” ते म्हणाले. “दमलीया, म्हणून बसलीया.”

आणि ते स्वतः आत गेले. बराच वेळ डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज येत राहिले. साखर कुठं असते हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारायला ते बाहेर आले नाहीत. मामी खिडकीबाहेर बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

चहा पाणचट झाला होता. मामी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, बसूनच.