कवडीचं बाळंतपण

घोडी पाळणं हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं छातीठोकपणे सांगणारे महाभाग सारंगखेड्याच्या आसपास आजही भेटतात. त्यांनी एकदा जसोदाबाईंच्या गोठ्यात डोकावून यावं. जत्रेत घोड्याचे दात मोजणारे भलेभले सौदा ठरवण्याआधी हळूच या बाईंना गाठतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

यंदा फाल्गुनात त्यांच्या कवडी नावाच्या घोडीचे दिवस भरले होते. मागच्या खेपेला शिंगराचा पाय आत दुमडून अडकला आणि ते पोटातच गेलं. या वेळी माणूस जवळ हवाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून जसोदाबाई आठ दिवस गोठ्यातच खाट टाकून निजत होत्या. एका सकाळी डेअरीवर दूध घालायला गेल्या, आणि नेमकं तेवढ्यात कवडीनं दावं तोडलं.

"घोडी पयी गयी!" झालं, अख्खी गल्ली धावली. गल्लीतल्या लखननं फवारणीचा ड्रोन उडवला. पोरं मोटारसायकली घेऊन तापीच्या काठानं सुटली. बाया तर उसातून डुकरं हाकलावीत तशा थाळ्या बडवत निघाल्या. माणसं जिवाला जीव देणारी हो, पण अक्कल तेवढी घरी ठेवून आलेली!

जसोदाबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून कडाडल्या, "बंद करा ते! घोडी पयेल नही, एकांत शोधी ऱ्हायनी. आवाज आयकीसन ती कळा दाबी ठेवस. पिलू पोटमाच मरी जाई!"

गाव चिडीचूप. ड्रोन उतरला. शेजारच्या शांतीलालनं कुणी न सांगता विहिरीवरची मोटार बंद केली, आणि त्या शांततेत त्याच्याच केळीतून फुरफुर ऐकू आली. घडावर आलेली बाग, खाली ठिबकच्या नळ्यांचं जाळं! शांतीलालचं तोंड उतरलं. तरी म्हणाला, "भाभी, केळीनी फिकीर नका करू. तुम्ही जा."

जसोदाबाईंनी चपला काढल्या, बांगड्या उतरवून पदरात बांधल्या आणि एकट्या आत शिरल्या. कवडी आडवी पडली होती. एकच खूर बाहेर दिसत होता. पुन्हा तेच! बाई चिखलात पालथ्या पडल्या, कोपरापर्यंत हात आत घातला. कळ आली की थांबायचं, ओसरली की पिलू मागं सारून दुमडलेला पाय चाचपायचा. कवडीनं एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा टेकवली. शेवटी दुसरा खूर आला, मागोमाग नाक, आणि मग सगळंच घसरत बाहेर. शाब्बास गं बाई! असे हात लाखात एखादीचे.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. बांधावर तीसेक माणसं श्वास रोखून बसली होती.

"उभं ऱ्हायनं," त्या एवढंच म्हणाल्या.

सगळे बघायला उठले, तशी बाईंनी दोन्ही हात पसरून वाट अडवली. "थांबा. मागला येळले मरेल पिलू मी तिले देखूबी दिधं नही. लगेच उचली टाकं. चार दिन ती गोठाभर हुंगत फिरनी." "आज पहिले तिले पोटभर देखू द्या."

माणसं पुन्हा बांधावर बसली.