पाद्रीविना सेहेचाळीस रविवार

अफीफा निम्रीशी वाद घालायचा तर सोबत कागद न्यावा, नुसतं तोंड नेऊन भागत नाही, हे तल्लत बुत्म गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं तिने इर्बिदच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत काढली होती. समोर शेख असो की साहेब, अर्जावर सही नसली की अर्ज परत. एका बड्या अधिकाऱ्याच्या मेहुण्याला तर तिने तीनदा माघारी पाठवलं होतं, का तर बाळाच्या आजोबांचं नाव लिहायचं राहिलं होतं. चौथ्या खेपेला तो नीट भरलेला अर्ज आणि कुनाफ्याच्या मिठाईचं ताट घेऊन आला. अर्ज तिने ठेवून घेतला आणि ताट त्याच्याच हातात परत दिलं.

बाई गोड नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नवरा सलीम गवंडी होता, स्वभावाने लोण्यासारखा, आणि तो गेल्यावर तर तिच्या जिभेला आवरणारं घरात कुणी उरलं नाही. मुलगा जिर्यिस ऑस्ट्रेलियात. त्याच्या नावाने सगळे तिला उम जिर्यिस, म्हणजे जिर्यिसची आई, म्हणत, पण हा जिर्यिस फोन करायचा तोही सणासुदीला. सोबतीला एक नणंद होती, हिलवे. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले, तोंडात दात मोजून चार. दोघी दिवसभर एकमेकींना टोचत आणि संध्याकाळी एकाच ताटात लबने, म्हणजे घट्ट दही, आणि रोटी खात.

गावातलं मोठं चर्च ऑर्थोडॉक्सांचं. आमचं अँग्लिकनांचं म्हणजे बदामाच्या झाडांमागची एक दगडी खोली, वर छोटी घंटा. ती वाजली की ऑर्थोडॉक्स शेजारी विचारायचे, बकरी सुटली का रे कुणाची? आम्हीही हसायचो. माणसं कमी झाली होती, हे खोटं कशाला बोला. कुणी अम्मानला गेलं, कुणी चिलीला, कुणी बदामाखालीच मातीत गेलं.

त्यात मागच्या ईस्टरनंतर आमचे पाद्री अबूना फरीद यांची बदली झाली. आमच्यात पाद्री नेमतो बिशप, हलवतोही बिशपच, आणि त्या हलवाहलवीचा सगळा कारभार पाहतो आर्चडीकन, म्हणजे बिशपचा उजवा हात. आमचा आर्चडीकन होता अबूना लबीब. तरतरीत माणूस, दाढी कोरलेली, हातात कायम फाईल. नवा पाद्री पुढच्या महिन्यात, असं त्याने मे महिन्यात सांगितलं. पुढे दर महिन्याला तो तेच सांगत राहिला.

पहिल्या रविवारी लोक चर्चच्या दारात उभे राहिले आणि एकमेकांची तोंडं बघू लागले. अफीफाने कुलूप काढलं, घंटा ओढली आणि पुढे जाऊन प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. तिला तो हक्क होता. सहा वर्षांपूर्वी बिशपनेच तिला वाचक म्हणून परवाना दिला होता. अबूना फरीदांचा घसा सारखा बसायचा, म्हणून केलेली ती सोय. वाचकाला सकाळची प्रार्थना चालवता येते, धडे वाचता येतात. पवित्र भाकरी आणि द्राक्षारस मात्र देता येत नाही, त्याला पाद्रीच लागतो. तेवढी एक गोष्ट सोडून अफीफाने सगळं केलं. दर रविवारी नऊला घंटा. डिसेंबरात बर्फ पडलं तेव्हा ती आणि हिलवे दोघीच होत्या. हिलवेला शेजारच्या अबू अवादने, तो मुसलमान, आपल्या पिकअपमध्ये घालून दारापर्यंत आणलं आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून राहिला. दोघींसाठीही अफीफाने एक ओळ गाळली नाही. एवढं लांबण कशाला लावतेस, असं हिलवेने घरी आल्यावर विचारलं. देवाला घाई आहे असं तुला कुणी सांगितलं, असं उत्तर मिळालं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात अबूना लबीब स्वतः घरी आला. मैरमियाच्या पानांचा चहा प्याला, गुडघ्यांची चौकशी केली, मग फाईल उघडली. पुढच्या मंगळवारी अम्मानला धर्मप्रांताची वार्षिक सभा होती. तीत ठराव येणार होता, की तल्लत बुत्मची मंडळी आता हयात नाही, ती इर्बिदच्या मंडळीत मिसळावी आणि चर्चला कुलूप लावावं. इर्बिदला बस जाते, दर तासाला, असं तो म्हणाला. अफीफाने हिलवेच्या पायांकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली, खूप वाईट वाटतं म्हणाला, आणि लगेच दुसरी गोष्ट काढली. धर्मप्रांताच्या महिला समितीत एक जागा रिकामी होती. उम जिर्यिससारखी हुशार बाई तिथे हवी, बिशपांचीही तशी इच्छा आहे. फक्त सभेत उगाच कटुता नको.

अफीफाने त्याच्यापुढचा चहाचा पेला उचलून घेतला. अजून अर्धा भरलेला होता. एवढ्यावर तो काय समजायचं ते समजला आणि निघाला.

तो गेल्यावर ती रडली. हे हिलवेने मला सांगितलं, नाहीतर कुणाचा विश्वास बसला नसता. चर्च जाणार याचं दुःख होतंच, पण तिला जास्त लागला तो 'हयात नाही' हा शब्द. आयुष्यभर ज्या बाईने हयात कोण आणि मयत कोण हे कागदावर लिहिलं, तिला हा फाईलवाला सांगत होता की अकरा महिने तू जे केलंस ते काहीच नव्हतं. मग तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि धर्मप्रांताची नियमावली काढून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. तीन दिवस ती ताटाशेजारीच होती.

सभेला ती आमच्या मंडळीची प्रतिनिधी म्हणून गेली, सोबत मीही गेलो. चर्चचं सभागृह भरलेलं होतं, पुढच्या रांगांत पाद्री, मागे आम्ही सामान्य माणसं. अध्यक्षस्थानी बिशप, त्यांना आम्ही सय्यिदना म्हणतो. पांढरे केस, थकलेला चेहरा, माणूस वाईट नव्हता. शेजारी धर्मप्रांताचे वकील उस्ताज शुक्री, त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून ते हात कानामागे धरून बसलेले. ठराव नववा होता. लबीबने तो वाचला, दोन वाक्यं हळहळीची जोडली आणि हात वर करायला सांगितलं. बरेच हात वर जायलाही लागले. दुपारच्या मन्साफचा, मटण-भाताचा, वास एव्हाना सभागृहात शिरला होता, आणि पोटात कावळे ओरडत असले की माणसं कशालाही हात वर करतात.

अफीफा उभी राहिली. बोलायचंय म्हणाली. लबीब म्हणाला, वेळ कमी आहे, महिला समितीच्या अहवालात त्या बोलू शकतील. ती बसली नाही. तो दुसऱ्यांदा म्हणाला. ती बसली नाही. हातातली काळी पर्स पोटाशी धरून खांबासारखी उभी राहिली. हळूहळू वर गेलेले हात खाली आले, कारण उभ्या बाईसमोर हात वर धरून बसणं कुणालाच बरं दिसेना. शेवटी बिशपांनीच तिला बोलायला सांगितलं.

तिने नियम सत्तावीस वाचायची विनंती केली. तोही आपण वाचणार नाही, वकीलसाहेबांनी वाचावा. शुक्रींनी पानं चाळली आणि खणखणीत आवाजात वाचलं. कुठलीही मंडळी बंद करायची असेल, तर त्या ठरावाची सूचना त्याच मंडळीच्या चर्चमध्ये, लागोपाठ दोन रविवारी, उपासना चालू असताना, मोठ्याने वाचली गेली पाहिजे. तसं झालं नसेल, तर ठराव सभेपुढे येऊच शकत नाही.

"वाचली का?" अफीफाने विचारलं.

लबीब शांत होता. सूचना इर्बिदच्या चर्चमध्ये दोन रविवार वाचली गेली होती, अम्मानलाही वाचली होती, त्याने तारखा सांगितल्या. तल्लत बुत्ममध्ये वाचायची तर उपासना हवी. तिथे अकरा महिने पाद्रीच नाही, मग उपासना कुठली आणि वाचणार कुठे? हे म्हणताना तो थोडा हसलाही. पुढच्या रांगेतले दोनचार पाद्री माना डोलावू लागले. अहो, त्यांच्या डोक्यात दुसरं काही येणारच कसं? पाद्री नाही म्हणजे प्रार्थना नाही, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं असतं.

"सेहेचाळीस," अफीफा म्हणाली. "ईस्टरनंतर पाद्री गेले. तेव्हापासून परवापर्यंत सेहेचाळीस रविवार झाले आणि सेहेचाळीस वेळा उपासना झाली. वाचक मी. परवान्यावर सही सय्यिदनांची आहे, हवी तर दाखवते. एकदाही तुमच्या सूचनेचं पाकीट आलं नाही, अबूना. आलं असतं तर मी वाचलं असतं. नियम आहे, मी वाचलंच असतं."

लबीबचा चेहरा उतरला, पण माणूस हार मानणारा नव्हता. किती लोक असायचे, असं त्याने विचारलं. अफीफाने लपवलं नाही. कधी अकरा, कधी सहा, बर्फात दोन. मागे कुणीतरी खुसखुसलं. दोन म्हाताऱ्या शेगडीशी बसून स्तोत्रं म्हणणार आणि त्याला आपण उपासना म्हणायचं का, असं त्याने बिशपांकडे वळून विचारलं.

"किती माणसं जमली म्हणजे उपासना, तो आकडा नियमावलीत दाखवा," अफीफा म्हणाली. "मी आत्ता खाली बसते. पुढच्या बसने गावाला जाते आणि चर्चची किल्ली तुम्हाला टपालाने पाठवते."

सगळे शुक्रींकडे बघू लागले. म्हाताऱ्याने पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. सावकाश, एकेक पान. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि असा आकडा नाही, म्हणून ठराव आज घेता येत नाही, असं सांगितलं. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. अफीफाने मागे वळून असं बघितलं की टाळ्या थांबल्या.

मग बिशप बोलले. त्यांचा आवाज मऊ होता आणि मला वाटतं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. उम जिर्यिस, तुमचं म्हणणं कायद्याला धरून आहे, ठराव मागे घेतला समजा. पण व्यवहाराने बघा. माझ्याकडे चर्च जास्त आणि पाद्री कमी आहेत. आज नाही तर सहा महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा येईल. तुमच्याकडे पाठवायला माझ्याजवळ माणूसच नाही, तर मी काय करू?

इथे दुसरी कुणी असती तर आभार मानून खाली बसली असती. जिंकली होती ना? सभागृहात खुर्च्या मागे सरकायलाही लागल्या होत्या. अफीफा मात्र उभीच राहिली. तिचा आवाज पहिल्यांदा कापरा झाला. भीतीने नव्हे. मी पाच हातांवर होतो, तो संताप होता.

"सय्यिदना, अबूना फरीद आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना आणून बसवायला तुम्ही आला होतात. सगळ्या गावासमोर तुम्ही त्यांच्या हातात कागद दिलात आणि म्हणालात, ही माणसं सांभाळ, ही तुझीही आहेत आणि माझीही. मी तिसऱ्या बाकावर होते. त्यांची बदली झाली, त्यांचा वाटा संपला. तुमची बदली कुणी केली?"

लबीब काहीतरी बोलायला गेला, बिशपांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"जिथे पाद्री नाही, तिथला पाद्री बिशप असतो," ती म्हणाली. "म्हणजे अकरा महिने आमचे पाद्री तुम्ही होतात आणि तुम्ही आला नाहीत. माझी नणंद हिलवे ऐंशीची आहे. दर रविवारी पुढे येऊन हात पसरते, आणि दर रविवारी मला तिला सांगावं लागतं, माझ्याकडे भाकरी नाही गं, मला ती देता येत नाही. ती हात मागे घेते. पुढच्या रविवारी पुन्हा पसरते. तिला वाटतं आज तरी कुणी आलं असेल. आम्ही हयात नाही असं म्हणालात. आम्ही आहोत, सय्यिदना. आम्ही तिथेच होतो."

बिशपांनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि सोडला. लबीबने पुढे सरकवलेली फाईल त्यांनी बाजूला केली. मग इतक्या हळू विचारलं, की शुक्रींना ते कानाशी हात नेऊनही ऐकू आलं नाही.

"रविवारी तुमची उपासना किती वाजता असते?"

"नऊला," अफीफा म्हणाली. "उशीर झाला तर आम्ही थांबत नाही."