मागल्या बाजूचं भूत

माझ्या आत्याशी वाद घालून जिंकलेला माणूस कर्जतपासून खालापूरपर्यंत कुणी पाहिला नव्हता. एखादा चुकून जिंकलाच, तर आत्या त्याला अशा मायेने चहा पाजायची की घरी पोचेपर्यंत त्याला आपण हरलो असंच वाटायचं. भांडताना आवाज चढवणाऱ्या बायका पुष्कळ असतात. आत्याचा आवाज भांडण रंगेल तसा खाली यायचा. तो कुजबुजीवर आला की समजावं, समोरच्याचं आता काही खरं नाही. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर खालापूरकडचं सासर सोडून दहिवलीला आमच्याकडे आली ती कायमचीच. माझी आई मी रांगत असतानाच गेली, त्यामुळे मला वाढवणं, बडवणं आणि माझ्या लग्नाचं ठरवणं हे सगळं आत्याच्या अखत्यारीत. दादा, म्हणजे माझे वडील, घरातले कर्ते पुरुष होते. म्हणजे आत्या काय म्हणते ते बाहेर जाऊन मोठ्या आवाजात सांगायचे.

आत्याला एकच शब्द सोसायचा नाही : ‘नाय’. मीठ संपलं की आपण ‘मीठ वाढलं’ म्हणतो, बांगडी फुटली की ‘वाढवली’ म्हणतो, ते सगळीकडेच आहे. आत्याने हा नियम उचलून अख्ख्या जगाला लावला होता. दारात कुणी येऊन “दादा आहेत का?” विचारलं, तर आमच्या घरात ‘नाय’ म्हणायची सोय नव्हती. “हायेत. शेतावर हायेत,” असं सांगायचं. “माणूस नसतंय असं कधी होतंय का गं? दुसरीकडं असतंय. कुठं हाय तेवढं सांगावं,” ही तिची शिकवण. एकदा एक नवा कासार आला आणि माझा हात दाबत म्हणाला, “पोरीची आई हाय ना घरात?” आत्या म्हणाली, “हाय की. वर हाय.” तो बिचारा माळ्याच्या शिडीकडे बघत बसला तो बसलाच. शेवटी आत्यानेच त्याला भाकरी वाढली आणि “तिला उतरायला उशीर हाय, तुमी व्हा पुढं” असं सांगून वाटेला लावलं. कासार हात धुताना पुन्हा एकदा शिडीकडे बघून गेला.

तर अशा ह्या आत्याला सिनेमाचं भयंकर वेड. दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या त्या वर्षांत भात कापून खाचरं मोकळी झाली की दहिवलीला फिरत्या सिनेमाचा तंबू पडायचा. मधोमध पांढरा पडदा. पुढच्या अंगाला बाप्ये, आणि बाप्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून बायका पडद्याच्या मागे. पडद्यावर पाणी मारून तो ओला करत, म्हणजे पुढचं चित्र मागेही उमटे. फक्त उलटं उमटे. डावं ते उजवं, उजवं ते डावं. हे ‘फक्त’ आम्हा बायकांपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. आम्ही सिनेमा कायम मागूनच पाहिलेला. आमच्या मते सिनेमा म्हणजे तोच.

आता तुम्ही म्हणाल, सुरुवातीची अक्षरं तरी उलटी दिसत असतील. दिसत होती की! आणि ती वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी सातवी पास. दहिवलीच्या बायकांमधली एकुलती एक विदुषी; दोन वेण्या पुढे घेऊन, मान किंचित वाकडी करून चालणारी. पहिल्याच सिनेमाला आत्याने कोपराने ढोसलं, “वाच गं, काय लिवलंय?” मी बघितलं, तर एक अक्षर लागेल तर शपथ. पण सातवी पास मुलगी ‘वाचता येत नाही’ कसं म्हणेल? मी डोळे बारीक केले, दोन वेळा “हं, हं” म्हटलं आणि ठोकून दिलं, “बंगाली आहे.” तेव्हापासून आमच्या भागातल्या समस्त बायकांची ठाम समजूत झाली की सिनेमा हा बंगाल्यांचा धंदा आहे.

देवादिकांच्या सिनेमांत हे सगळं खपून गेलं. देवांना चार-चार हात, कुठला हात कशाला वापरतात ते कोण बघतंय! मारामारीच्या सिनेमांत सगळे घोड्यावर. पण त्या वर्षी एक वेगळाच सिनेमा आला. त्याचं नाव मला आठवत नाही, आणि नाव वाचायची जबाबदारी माझ्यावर असल्यामुळे ते तेव्हाही कुणाला कळलं नव्हतं. धुक्यात बुडालेला एक बंगला. त्यात नवरा-बायको, दोघंच. ओसरीवर झोपाळा. बाई देवापुढे दिवा लावते, कुंकू लावते, पानं वाढते, आणि मधेच थबकून कान देते. कर्रर, कर्रर. झोपाळ्यावर कुणीतरी आहे. नवऱ्याला हाक मारते. नवरा येतो, बघतो आणि म्हणतो, “कोई नहीं है.” बस्स, इतकंच. सबंध सिनेमाभर ती म्हणते ‘आहे’, तो म्हणतो ‘नाही’. शेवटी ती बाई काळोखात निघून जाते, झोपाळा एकटाच हलत राहतो, आणि तंबूतले दिवे लागतात. भूत काही कुणी दाखवत नाही.

पुढच्या अंगाला गदारोळ उसळला. “भूत कुठाय रं? भूत दाखव!” कुंभिवलीचे गाडीवान शिट्ट्या मारायला लागले. एकजण मशीनवाल्याकडे जाऊन म्हणाला, “रीळ ऱ्हायलंय तुमचं, पेटीत बघा, भूत खाली पडलं आसंल.” आणि मागच्या अंगाला? एकही बाई हलेना. ज्या बाईकडे आम्ही इतका वेळ बघत होतो, ती दिवा लावत होती डाव्या हाताने. कुंकू डाव्या हाताने. पदर उजव्या खांद्यावर. सरपण विकायला आलेल्या ठाकूरवाडीच्या बाया तेवढ्या खुसखुसत होत्या. त्यांतली एक म्हणाली, “एवढं मोठं घर न् माणसं दोनच? तिसरं कुणी येईलच की ऱ्हायला!” बाकी सगळ्या गार. तेवढ्यात आत्याचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत : “अक्षरं बंगाली, बोलनं हिंदी, पदर गुजराती. असली बाई जित्ती आसंल व्हय? आगं, झोपाळ्यावर कोन नव्हतंच. भूत तीच हाय.”

दुसऱ्या दिवसापासून दहिवलीची फाळणी झाली. सगळे बाप्ये ‘नाय’वाले, सगळ्या बायका ‘हाय’वाल्या. घराघरांत नवरा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणे, “भूत नाय.” बायको तवा आपटून म्हणे, “हाय.” एका घरी कालवणात मीठ नाही अशी तक्रार नवऱ्याने केली, तर बायको म्हणाली, “हाय. तुमाला दिसत नसंल.” बायकांत ‘नाय’वाली मी एकटी. मी जिला तिला गाठून सांगत होते, “अहो, भूतबीत काही नसतं. हा मनाचा खेळ आहे.” हे वाक्य मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं आणि वापरायची संधीच मिळत नव्हती. सिनेमा संपल्यावर खाचराच्या बांधावरून घरी येताना हीच विदुषी आत्याच्या दंडाला अशी लटकली होती की नखांचे वळ आत्या चार दिवस सगळ्यांना दाखवत होती. “बघा, मनाचा खेळ. हितं उमटलाय.”

नेमक्या ह्याच धामधुमीत मला बघायला कळंबहून माणसं आली. मुलगा शाळेत मास्तर, घरची भातशेती, एकुलता एक. दादांच्या मनात हे स्थळ कधीचं भरलेलं. माझ्याही मनात भरलं होतं, कारण मी त्याला आदल्या संध्याकाळी तंबूच्या दाराशी पाहिला होता. तोही मला बघत होता आणि बघत नसल्याचं सोंग त्याला अजिबात जमत नव्हतं. बापलेक सिनेमा बघूनच सकाळी आमच्याकडे आले. पोहे झाले. मी मान खाली घालून, म्हणजे वेण्यांसकट, बसले. “सुपारी फोडायची का मग?” असं म्हणत मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि गंमत म्हणून दादांना विचारलं, “बाकी काय ओ, सिनेमा पायलात का? भूत म्हनं! भूत ना बित. बाईचं डोकं फिरल्यालं, दुसरं काय.”

दादा हसले आणि मग त्यांना कळलं की आपण हसायला नको होतं. दाराआडून आत्या म्हणाली, “हाय.”

“काय हाय?”

“भूत.”

“आवो ताई, नाय. मी पुढं बसून बघितलंय, सोताच्या डोळ्यांनी.”

“आमी काय दुसऱ्याचं डोळं नेलं व्हतं?”

मी आतल्या आत देवाला हात जोडले. कळंबचे पाहुणे इरेला पेटले. एवढा मोठा माणूस, गावात शब्दाला मान. पोरीकडच्या बाईमाणसाने असं बोलावं? ते म्हणाले, “हे बघा, त्या बाईचा नवरा शाना होता. बिचारा परत्येक वक्ताला उठून बघत होता आन सांगत होता, कुनी नाय, कुनी नाय. तरी तिचं आपलं तेच!”

आत्या दारात येऊन उभी राहिली. आवाज पार खाली गेला होता. “आमच्या खालापूरच्या घरात बी असंच म्हनत व्हते,” ती म्हणाली. “मी सांगत व्हते, माळ्यावर जनावर हाय, मला सळसळ येते. समदे म्हनले, नाय.”

ते जनावर कुणाला चावलं हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाहुण्यांनी विड्याचं पान उगाच उलटंपालटं केलं. आत्या म्हणाली, “बाई म्हनते हाय, आन घर म्हनतंय नाय. तसल्या घरापरास पोर माझ्याजवळच बरी हाय.” झालं. माझं लग्न पोह्यांच्या बश्यांसारखं आत उचलून नेलं गेलं. दादा छपराकडे बघू लागले. आणि मी? मनाचा खेळ म्हणणारी मी? मला त्या क्षणी भूत चाललं असतं, बंगाली चाललं असतं, कळंबला जाणारी बैलगाडी तेवढी हवी होती.

तेव्हा मुलगा बोलला. “आत्याबाई, मला पुढून दिसलं नाय. पण तुमी मागून बघितलंय. मी आज मागं बसून बघतो, मग सांगतो.”

“बायांत बसनार?” त्याचे वडील ओरडले.

“मग तिथनं बघितल्याबिगर नाय कसं म्हनू?”

आत्याने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. म्हणाली, “ये. घोंगडी घेऊन ये, बाया खडं मारतील.”

बायांनी खडे मारलेच. त्या संध्याकाळी “बाप्या आलाय, बाप्या आलाय” म्हणून मागच्या अंगाला जो कल्ला झाला, त्यात पडद्यावरचे पहिले प्रसंग कुणी पाहिलेच नाहीत. घोंगडीतून नुसते दोन डोळे काढून तो बसला होता. मी त्याच्यापासून चार बायका सोडून बसले होते आणि सिनेमा काही बघत नव्हते. सकाळी तो आमच्या अंगणात आला. वडील फाटकाबाहेरच, पाठ करून उभे. आत्या सारवता सारवता थांबली. तो म्हणाला, “हाय.”

“कशावरनं?”

“डाव्या हातानं दिवा लावते. पदर बी उजव्या खांद्यावर.”

“दादा,” आत्या शेणाचे हात तसेच धरून म्हणाली, “सुपारी काढ.”

लग्नानंतर कळंबला जाताना बैलगाडीत आमच्या ह्यांनी मला ओल्या पडद्याचं सगळं गणित समजावून दिलं, आणि मग हळूच विचारलं, “अक्षरं बंगाली आहेत, हे कोणी सांगितलं गं आत्याबाईंना?” मी बैलांकडे बघायला लागले. “माहीत होतं, तर मग हाय का म्हणालात?” मी विचारलं. ते म्हणाले, “मागून हायच की. खोटं कुठं बोललो?” माहेरपणाला आले तेव्हा मोठा शोध लावल्यासारखं मी ते आत्याला सांगितलं. मला वाटलं, आता तरी ती हरेल. तिने ऐकून घेतलं, तांदळातला खडा टिपला आणि म्हणाली, “बरं. मंग पुढनं बघितलं तर ती बाई भ्यायलेली नव्हती व्हय?” मला चहा पाजला. मी हरून घरी आले.

आत्या शेवटी कळंबला आमच्याकडेच होती. कान बरेच गेलेले, डोळेही. दुपारी ओसरीवर पडल्या पडल्या तिला भलभलते आवाज यायचे. एकदा म्हणाली, “कोन तरी आलंय गं दारात.” मी धुण्याची बादली घेऊन उभी, अंगात चार पोरांच्या आईचा शहाणपणा. म्हटलं, “कुणी नाही गं आत्या, झोप.” तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ह्यांच्या खुर्चीकडे तोंड वळवलं. हे पेपर ठेवून उठले, दारापर्यंत गेले, फाटक उघडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट बघितलं आणि परत आले.

“हाय,” म्हणाले.

“कोन?”

“वारा हाय.”

आत्याचा चेहरा निवळला. हात जरासा उचलून तिने ओसरीवरची चटई दाखवली. “मंग उभा का ठेवलाय त्याला?” ती म्हणाली. “बसाय सांग.”

आता ह्यांची खुर्चीही रिकामी आहे. दुपारी फाटक वाजलं की नात आतूनच ओरडते, “कोणी नाहीये, आजी!” मी तिच्याशी वाद घालत नाही. चटई तेवढी पसरून ठेवते.