धुळीतले दगड

मला एका जागी बसवत नाही. बडोद्यात, मांजलपुरातल्या फ्लॅटमध्ये मी चहासुद्धा उभ्यानेच पितो. बायको म्हणते, पायाला भिंगरीच आहे तुमच्या. इथल्याच गोरव्याच्या कारखान्यात होतो तेव्हा, नव्वदच्या दशकात, ही भिंगरी जरा जास्तच जोरात होती. परदेशी यंत्रं देशात यायला लागली होती आणि आमच्या शेठनी ठरवलं, खनिज ओळखणारं यंत्र आपणच करायचं. ते मी केलं. पट्ट्यावरून दगड जात, सेन्सर त्यांचा रंग बघे, काळं मँगनीज पुढे सोडी आणि करडा दगड हवेच्या झोताने बाजूला उडवी.

ज्या मँगनीजच्या खाणीवर ते बसवायचं होतं, तिथे हे काम बारा बायका हातांनी करत. यंत्र चाललं की त्यांची रोजी जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून मी त्यांच्याकडे बघतच नसे.

चाचणीत यंत्राने माझी अब्रू घालवली. काळं, करडं, सगळं एकाच ढिगात. मी दिवे बदलले, सेटिंग बदललं, फोरमनवर उगाच डाफरलो. तीन दिवस हेच. शेवटी त्या बायकांतली सगळ्यात वयस्क पुढे आली, आपल्या लोट्यातलं पाणी तिने दगडांवर ओतलं आणि म्हणाली, "पलाळो साहेब, तो देखाशे."

भिजवा, म्हणजे दिसेल. धूळ उतरली आणि काळा दगड काळा दिसला. एवढा शिकलेला मी, मला हे सुचू नये! आम्ही पट्ट्याच्या तोंडाशी पाण्याचे फवारे बसवले. दुसऱ्या दुपारी यंत्र चोख निवडायला लागलं आणि मी फक्त नाचायचाच बाकी होतो. मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून बायका नकोत. तुम्हीच सांगून टाका त्यांना, यंत्र तुमचं आहे."

मी मान डोलावली, पण बायकांकडे गेलोच नाही. बडोद्याला परतायची घाई झाली होती. जीपपाशी तीच म्हातारी उभी होती.

"साहेब, काले आववानुं ने?"

उद्या यायचं ना, एवढंच तिला हवं होतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. माझा एक पाय जीपमध्ये होता.

"आवजो," मी म्हणालो.

आमच्याकडे निघताना सगळे हेच म्हणतात. दांडिया बाजारातल्या माझ्या आईवडिलांच्या घरी, अस्सल मराठी पाहुण्यालाही दारात 'आवजो'च. निरोपाचा शब्द तो. पण त्याचा सरळ अर्थ 'या' असाच आहे.

दुसऱ्या दिवशी बाराही जणी आल्या. साहेबांनी बोलावलंय म्हणत तासभर फाटकाशी भांडल्या. मॅनेजरने फोनवर हे हसत हसत सांगितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तर नुसता निरोप घेत होतो, असं शेठना सांगितलं, बायकोलाही सांगितलं. दोघांना पटलं. पण म्हातारीचा प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला होता. जीपमध्ये बसता यावं, म्हणून मी तिला हो म्हणालो होतो.