टिटवीच्या कवितेतल्या चार ओळी

चाळिशी ओलांडल्यावर पहिली कविता लिहिणाऱ्या बाईने आपल्या लेखनाविषयी चार शब्द सांगू धजावे, हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. माझी सारी पुंजी जेमतेम तीस कवितांची. त्यांत माणसे फारशी नाहीत. टिटवी आहे, बाभूळ आहे, पाटाचे पाणी आहे. त्यामुळे मला एकांताची ओढ असावी, असा ऐकणाऱ्यांचा समज होतो.

सत्तरच्या दशकात निफाड तालुक्यातील एका गावी शिक्षिका म्हणून माझी बदली झाली. सकाळी मी पोचले तेव्हा गावात चार-पाच खोल्या भाड्याने मिळण्यासारख्या होत्या. मी आडनाव सांगत गेले आणि दुपारपर्यंत एकही उरली नाही. आम्ही बौद्ध, आडनावावरून ते कळे. अखेर एका बागायतदारांनी, ज्यांना सारे गाव दादा म्हणे, आपल्या मळ्यातली, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीशेजारची खोली देऊ केली.

"गावात जागा नाय, बाई. मळ्यात हाय. हवा लय मोकळी," ते म्हणाले.

हवा खरोखरच मोकळी होती. तीन वर्षे मी तेथे काढली. शाळा सुटली की पाटाच्या कडेने मैलभर चालायचे, आणि मग, विहिरीवरचे दोन शब्द सोडले तर, दुसऱ्या सकाळपर्यंत बोलायला कोणी नाही. टिटवी उघड्या खड्यांवर अंडी घालते आणि कोणी जवळ आले की दूर पळत जाऊन ओरडते, हे मी पुस्तकात वाचले नाही. पाहण्यासारखे दुसरे काही नव्हते म्हणून पाहिले.

संध्याकाळी मी पाण्याला जाई तेव्हा दादांच्या पत्नी विहिरीवर असत. "घागर खाली ठेवा बाई, मी ओतते," म्हणत आणि पोहरा उंच धरीत. स्वभावाने मायाळू. कधी भाकरीही देत, तीही वरूनच.

पुढे ऐंशीच्या दशकात नाशिकला परतल्यावर हे सारे एका कवितेत उतरले. निसर्गकवितांचा संग्रह काढणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ती वाचली. "शेवटच्या चार ओळी गाळा," ते म्हणाले. "तिथे निसर्ग संपतो आणि तक्रार सुरू होते." माझी पहिलीच कविता छापली जाणार होती. मी त्या ओळींवर पेन्सिलीने रेघ मारली.

संग्रह छापण्याआधी त्यातल्या कवितांचे वाचन गंगापूर रोडवरील एका सभागृहात होते. माझे वाचून झाले. प्राध्यापकांनी कौतुकाने विचारले, "एवढा एकांत तुम्हाला लाभला तरी कुठे?"

मी तोंड उघडण्याआधी दुसऱ्या रांगेतून उत्तर आले. दादा. म्हातारे झाले होते, मुलाकडे शहरात राहायला आले होते.

"आमच्याच मळ्यात की. बाईंना पहिल्यापासून शांतता आवडायची. आम्ही म्हटलं, ऱ्हावा."

"म्हणजे निम्मी कविता तुमची," प्राध्यापक म्हणाले. लोक हसले. "ताई, पुन्हा एकदा वाचा."

मी वाचू लागले. टिटवी झाली, बाभूळ झाली. जिथे थांबायचे होते तिथे पेन्सिलीच्या रेघेखालची अक्षरे स्वच्छ दिसत होती, आणि मी थांबले नाही. त्या ओळींत घागर होती, उंचावरून पडणारी धार होती आणि दोराला हात लावण्याची मुभा नसलेली एक बाई होती.

दादा बसल्या जागेवरून हळू म्हणाले, "पाणी तर आम्ही रोज दिलं, बाई."

"हो दादा. दिलंत."

ते खोटे बोलत नव्हते.

चहाच्या वेळी प्राध्यापक जवळ आले. "छापताना ठरलेलीच कविता ठेवू. ताई, पहिलीच आहे तुमची, हट्ट नको."

मी कविता परत मागितली. मागताना माझा आवाज इतका लहान झाला की त्यांना दोनदा विचारावे लागले.

संग्रह निघाला, मी त्यात नाही. कागद माझ्यापाशी आहे. त्या ओळींवरची रेघ अजून खोडलेली नाही, कारण आपलेच चुकले असेल, ही शंका माझ्यासारखीला सहसा सोडत नाही. त्या प्राध्यापकांच्या जागी तुम्ही असता, तर निसर्गकवितांच्या संग्रहात ही कविता त्या चार ओळींसह घेतली असती का?