आबा बोलले ती सभा

नागपूरहून मी लोणावळ्याला निघाले ते गप्प बसायला. आम्ही क्वेकर पंथाचे ख्रिस्ती. आमच्या प्रार्थनासभेत पाद्री नाही, वेदी नाही. सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. सोबत आमच्या सभेतली केतकी होती. मुलगा म्हणून वाढवलेली ही मुलगी आमच्यात आली तेव्हा तिच्याकडे कुणी खुलासा मागितला नाही. आमच्या पंथातही हे सगळीकडे मान्य नाही, म्हणून मला आमच्या सभेचा जरा जास्तच अभिमान आहे.

तिचे वडील, आबा, कामशेत स्टेशनवर भेटले. घर पलीकडे वडिवळ्यात, पण लोक काय म्हणतील या भीतीने दोन वर्षं त्यांनी तिला घरी बोलावलं नव्हतं. लोणावळ्याच्या सभेला मात्र येतो म्हणाले होते. सभा पाहून तरी ते आपल्याला घरी नेतील, एवढीच तिची आशा.

खाणावळीत तांदळाची भाकरी आणि झणझणीत पिठलं जेवलो. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे कान तिथेच लागले. आबा तिला ‘आलास’ म्हणत नव्हते की ‘आलीस’ही नाही. ‘जेवण झालं का?’, ‘निघायचं का?’ असं सगळं अधांतरी. मला त्यांचा रागच आला.

लोकलने लोणावळ्याला पोहोचलो. तिथे माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी पाय ओढत सभेला गेले. खिडकीबाहेर धुकं होतं, आत शांतता. बऱ्याच वेळाने आबा उठले.

“गप बसायचं मला शिकवाया नगं. दोन वर्सं त्येच केलं, आन् चुकलं,” ते म्हणाले. “ही माझी लेक हाय. तिला घरी न्यायला आलोय.”

केतकी ओंजळीत तोंड लपवून रडली. मीही रडले.

संध्याकाळी कामशेतहून वडाप (भरली की सुटणारी जीप) पकडली. गावातल्या एका मावशीने या दोन पाहुण्या कोण, असं विचारलं.

“पाव्हनी येकच हाय, नागपूरच्या बाई,” आबा म्हणाले. “दुसरी माझी लेक.”

मावशींनी केतकीला नीट न्याहाळलं आणि सरकून तिला जागा दिली.

दोन दिवसांनी मी परतले. खाचरांत (भाताच्या बांधीव शेतांत) कापणी सुरू होती, त्यामुळे आबांनी केतकीला ठेवून घेतलं. गाडीत शेजारची जागा रिकामी होती. इतक्या ताठ मानेने मी एकटीने कधी प्रवास केला नव्हता.