वाढलेल्या गोळ्या

आमच्याकडे मीठ संपत नाही, वाढतं. कुंकू वाढतं, दिवा वाढवतात, बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणायचं. संपलं, फुटलं असं सवाष्णीने तोंडातून काढायचं नाही. मुली हे ऐकत ऐकतच शिकतात. मीही शिकले, आणि आज त्या शब्दाचा मला संताप येतो.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टीबी झाला होता. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायच्या, पण त्यासाठी गावाहून एसटीने शिंदखेड्याला जावं लागे. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, खंड पडला तर हा माणूस हातचा जाईल. आईने ते नेमासारखं पाळलं. नानांच्या अंगावर मांस धरू लागलं. ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करू लागले. "औंदा कापूस येचाले मीच जासू," म्हणायचे, आणि आई पदराआड हसायची.

त्या खेपेला गोळ्या वाटणारा माणूस नवा होता, बाहेरगावचा. रांग मोठी आणि गोळ्या थोड्या. आईने खिडकीत डबी ठेवली आणि म्हणाली, "गोळ्या वाढी ग्यात, भाऊ."

"वाढल्या? मग आधी त्या संपवा की!" त्याने डबी मागे ढकलली. ती खुळखुळ वाजली.

वाजणारच. रिकामं भांडं घेऊन घराबाहेर पडणारी बाई नव्हती ती. तिने डबीत चिमूटभर ज्वारी टाकली होती. त्याला वाटलं, गोळ्याच वाजताहेत. उघडून बघायला काय त्याचे हात झडले होते? "औषधं चुकवता आणि वर रांगेत येता!" असं ओरडून त्याने पुढचा माणूस बोलावला. आई आणखी मोठ्याने म्हणाली, "पार वाढी ग्यात हो भाऊ!" मागच्या बायांना कळलं नसेल? त्या तर आमच्याच मुलखातल्या. पण गोळ्या थोड्या होत्या, आणि जिला तिला आपल्या घरची पडली होती.

संध्याकाळी ती तशीच परत आली. मी अंगणात थयथयाट केला. "संपन्यात म्हन ना, माय! येवढा येक शब्द!"

"त्यास्न्या गोळ्यास्ले तो शब्द लावू?" ती एवढंच म्हणाली आणि डबी देवाजवळ ठेवून चुलीशी बसली.

दुसऱ्या दिवशी मीच गेले. ज्वारी काढून, डबी उघडीच धरून गेले. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "काल संपल्या. जिल्ह्याहून येतील तेव्हा या."

त्याला तो शब्द किती सहज आला!

मग खेटेच खेटे. आज या, बाजारच्या दिवशी या, साहेब मीटिंगला गेलेत. बाहेरच्या मेडिकलवरून थोड्या आणल्या, पुढे ते झेपलं नाही. नानांचा खोकला परत आला, ताप आला. ओट्यावरचं बसणं सुटलं. टॉवेलात रक्त दिसलं तेव्हा त्यांनी तो घाईघाईने अंगाखाली दडपला, जणू आम्हाला दिसलंच नाही. शेवटी बैलगाडी, एसटी करत धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे गोळ्या होत्या. घोटभर पाणीसुद्धा त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, गोळ्या कुठून उतरणार?

मेल्या माणसाला एसटीत घेत नाहीत. जीप करून आणलं.

दहाव्याला आईभोवती बाया जमल्या. शेजारची म्हातारी अक्का तिचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "ल वं माय, बांगड्या वाढाई ले."

आईने हात हिसकला. ती एवढ्या जोराने बोलली की ओट्यावरच्या पुरुषांनीही वळून पाहिलं.

"वाढाई ले म्हनू नका. फोडा! संपन्यात, अक्का. पार संपन्यात!"